त्रावणकोरची छोटी उडती खार: पाहायची कशी, नोंदवायची कशी, जपायची कशी

तमिळनाडूतल्या वालपराईहून किंवा कर्नाटकातल्या कोडगूहून फिरून आलेली मंडळी ‘उडती खार दिसली’ असं सांगतात, तेव्हा बहुतेकदा त्यांना दिसलेली असते ती मोठी उडती खार. अंगापेक्षा लांब शेपटीची, आणि तिन्हीसांजेला ओरडून आपला ठावठिकाणा स्वतःच सांगणारी. तीही बघण्यासारखी आहेच. पण त्याच जंगलात तिची एक धाकटी, बरीच अबोल नातेवाईक राहते: त्रावणकोरची छोटी उडती खार, शास्त्रीय नाव पेटिनोमिस फस्कोकॅपिलस. जगात ती दोनच ठिकाणी आहे, पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात आणि श्रीलंकेत. १८४७ साली जर्डन यांनी केलेलं तिचं वर्णन ब्लाइथ यांनी छापलं, आणि पुढे भारतातून जवळपास शतकभर तिची खात्रीची नोंद नव्हती. १९८९ मध्ये जी. यू. कुरूप यांनी ती केरळात पुन्हा सापडल्याचं जाहीर केलं. आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत ती ‘संकटसमीप’ गटात आहे.

हा लेख दोघांसाठी आहे. ज्यांना ती बघायची आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या ताब्यात कॉफीचा, वेलदोड्याचा मळा किंवा जंगलाला लागून असलेली जमीन आहे त्यांच्यासाठी. दोघांनाही माझं सांगणं एकच: आधी झाडांतल्या ढोल्या आणि झाडांमधलं अंतर मोजायला शिका. खार दिसणं ही नंतरची गोष्ट, आणि बरीचशी नशिबाची.

पायरी १: ओळख पक्की करा

छोट्या खारीचं डोकं आणि धड मिळून साधारण फूटभर भरतं, शेपटी त्याहून थोडी आखूड. मोठीचं नुसतं धडच दीड फुटाच्या आसपास, आणि शेपटी त्याहून लांब. पण रात्री, डोक्यावर दहा मीटर उंच, पानांच्या आड बसलेल्या जनावराच्या लांबीत फूट की दीड फूट हे कुणालाही सांगता येत नाही. म्हणून आकारापेक्षा शेपटीकडे बघा. मोठीची शेपटी गोलसर, झुपकेदार, टोकाकडे काळी आणि फांदीखाली लोंबणारी असते. छोटीची शेपटी किंचित चपटी आणि अंगाच्या मानाने बेताची. पाठ तांबूस तपकिरी, आत गडद राखी झाक. गाल, पोट आणि तरंगायच्या कातडी पडद्याची कड फिकट मलईच्या रंगाची. तरंगताना खालून पाहिलं तर आणखी एक खूण मिळते. मोठीच्या मागच्या पायांपासून शेपटीच्या मुळापर्यंतही कातडी चांगली ताणलेली दिसते, त्यामुळे तिचा आकार मागे रुंद वाटतो. छोटीत हा मागचा भाग नावापुरता.

गल्लत होते ती इतर निशाचरांशी. उदमांजराचे डोळे फांदीवरून शांतपणे, पायी चालल्याच्या गतीने सरकतात. लाजवंती, म्हणजे बारीक अंगाची ती छोटी वानरवर्गीय, तुमच्याकडे थेट दोन निखाऱ्यांसारख्या डोळ्यांनी बघत राहते आणि हलते ती अगदी सावकाश. मलबारी काटेरी डॉर्माउस याच जंगलात, अशाच ढोल्यांत राहतो, पण तो उंदराएवढा आणि तरंगत नाही. उडत्या खारीचे डोळे खोडावर दिसतात आणि गायब होतात, कारण ती झटकन खोडाच्या पलीकडच्या बाजूला जाते. मग दोन-तीन मीटर वर पुन्हा दिसतात. शेकरू मात्र रात्री बघितल्याचं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शेकरू दिवसाचं जनावर आहे, रात्री ते घरट्यात झोपलेलं असतं.

पायरी २: ती तरंगते कशी, हे समजून घ्या

ही पायरी गाळू नका, पुढची सगळी आकडेमोड इथून निघते.

सस्तन प्राण्यांत खरं उडणं फक्त वटवाघळांना येतं. उडती खार उंचावरून झेप घेते, चारही पाय फाकवते आणि मनगटापासून घोट्यापर्यंतची कातडी ताणून हवेवर घसरत खाली येते. तिच्या मनगटाला बाहेरच्या बाजूला कूर्चेची एक काडी असते. झेपेत ती उघडते आणि पडद्याचं टोक हाताच्या पुढे ताणून धरते. झाड जवळ आलं की ती अंग एकदम वर उचलते, पडदा हवेला आडवा येतो, वेग तुटतो आणि चारही पायांनी ती खोडाला चिकटते. लगेच खोडाच्या मागे जाते. घुबड पाठलागावर असेल तर तेवढ्यानं चुकतं.

किती पुढे जाते? उत्तर अमेरिकेतल्या उत्तरी उडत्या खारींची मोजमापं झाली आहेत, एक मीटर खाली येताना त्या सरासरी १.९८ मीटर पुढे जातात. जपानमधल्या मोठ्या उडत्या खारींसाठी हाच आकडा १.८७ आहे. म्हणजे ढोबळमानाने उंचीच्या दुप्पट, तेही झेप लांब असली तर. झेपेचा पहिला भाग जवळजवळ पडण्याचाच असतो, त्यामुळे छोट्या झेपेत हिशेब आणखी खालावतो. नियोजन करताना मी दीडपटच धरतो. जनावराच्या जिवाशी संबंधित हिशेबात हात राखूनच चालावं.

पायरी ३: जागा निवडा

सदाहरित जंगल हवं. अण्णामलै डोंगरांतलं वालपराईचं पठार आणि त्याभोवतीचा व्याघ्रप्रकल्प, केरळच्या घाटातली सदाहरित वनं, आणि कर्नाटकात कोडगूच्या दक्षिण टोकाकडची जंगलं हा तिचा मुलूख. मराठी वाचकाला सोयीचं म्हणून मी वालपराई सुचवेन. कोइमतूरपर्यंत रेल्वे किंवा विमान, तिथून पोळ्ळाचीमार्गे आळियार आणि पुढे चाळीस वळणांचा घाट. पठारावर मैलोन्‌मैल चहामळे आहेत आणि त्यांच्या मधे मधे सदाहरित जंगलाचे उरलेले तुकडे. मूळ जंगल, फाटलेलं जंगल आणि मळा, तिन्ही एका दिवसात बघायला मिळतात, आणि खारीची अडचण नेमकी काय आहे ते तिथे उघड्या डोळ्यांनी कळतं.

व्याघ्रप्रकल्पात आणि अभयारण्यात रात्री पायी फिरायला वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि ती हौशी पर्यटकाला सहसा मिळत नाही. त्यात गैर काही नाही. मळ्याच्या हद्दीतल्या रस्त्यावर, मळ्याच्या परवानगीने, स्थानिक माणूस बरोबर घेऊन फिरा. वालपराईत हत्ती मळ्यांतून ये-जा करतात. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन या वन्यजीव अभ्यासणाऱ्या संस्थेने वनखातं आणि स्थानिकांच्या मदतीने तिथे मोबाइल संदेशांची आणि लाल दिव्यांची सूचना-यंत्रणा उभी केली आहे. लाल दिवा लागलेला दिसला की त्या रात्रीचा बेत रद्द. गवे आणि बिबटेही आहेत. ‘थोडं पुढे जाऊन येऊ’ हे वाक्य तिथे उच्चारायचं नाही.

ऋतू म्हणाल तर डिसेंबर ते एप्रिल. पावसाळ्यात जळवांचा आणि धुक्याचा इतका जाच असतो की वर बघायला उसंतच मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या आसपास कुलेनियाची झाडं फुलतात. मल्याळममध्ये याला वेडिप्लाव म्हणतात. फुलं थेट फांद्यांवर गुच्छागुच्छांनी येतात, मांसल आणि गोड असतात, आणि रानात बाकी खाणं कमी असतं तेव्हा सिंहपुच्छ माकडांपासून उडत्या खारींपर्यंत झाडावरची बरीच जनावरं त्यांच्यावर येतात. असं फुललेलं एक मोठं झाड हेरलंत तर अर्धं काम झालं. कुलेनिया नसेल तर फळांनी लगडलेला उंबर किंवा दुसरा कुठलाही वड-पिंपळाच्या कुळातला वृक्ष शोधा.

पायरी ४: दिवसा ढोल्या शोधा

सकाळी आठ ते अकरा दुर्बीण घेऊन त्याच रस्त्याने सावकाश चाला. उडती खार दिवस ढोलीत काढते, पिल्लंही तिथेच वाढवते. ढोली कुठे असते? जिथे जुनी फांदी मोडून जखम राहिली आणि बुरशीने आतलं लाकूड खाल्लं तिथे, सुतार आणि तांबट पक्ष्यांनी कोरलेल्या भोकांत, आणि उभ्या वाळलेल्या खोडांत. तरुण झाडात ढोली नसते. मोठ्या जनावराला पुरेल अशी पोकळी तयार व्हायला कित्येक दशकं जातात, म्हणून जाड, म्हातारी, वेडीवाकडी झाडं आधी बघा. लाकूडतोड्याच्या दृष्टीने टाकाऊ झाड हे ढोलीच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं असतं.

भोकाची कड बघा. कड ताजी कुरतडलेली, फिकट लाकूड दिसणारी किंवा ये-जा करून गुळगुळीत झालेली असेल तर आत कुणीतरी राहतं. झाडाखाली अर्धवट कुरतडलेली फळं, तोडून टाकलेले कोवळे शेंडे पडलेत का पाहा. खालून काठीने खोड ठोकू नका. काही ठिकाणी पर्यटकांना ‘शो’ दाखवायला खोडावर थापा मारून खारीला दिवसाउजेडी बाहेर काढतात. दिवसा बाहेर पडलेली उडती खार शिकारी पक्ष्याच्या तोंडी जाते. असं करणाऱ्या माणसाला पैसे देऊ नका आणि त्याच्याबरोबर पुन्हा जाऊ नका.

सापडलेल्या प्रत्येक ढोलीची वहीत एक ओळ: झाडाचं नाव, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर, ढोलीची उंची, भोकाची दिशा, झाड जिवंत की वाळलेलं.

पायरी ५: अंतर मोजा

आता मुख्य काम. याला उपकरणं लागत नाहीत, हातभर काठी आणि लांब टेप पुरतो.

झाडाची उंची अशी काढा. डोळ्यापासून ताणलेल्या हाताच्या मुठीपर्यंत जेवढं अंतर, तेवढ्याच लांबीची काठी मुठीच्या वर उभी धरा. आता मागे मागे जा. मूठ झाडाच्या बुंध्यावर आणि काठीचं टोक शेंड्यावर आलं की थांबा. तिथून बुंध्यापर्यंतचं अंतर म्हणजेच झाडाची उंची. उतारावर मात्र चढाच्या किंवा उताराच्या दिशेने मागे जाऊ नका, झाडाच्या पातळीतच आडवे सरका, नाहीतर आकडा भलताच येईल.

मग मळ्यातला रस्ता, वीजवाहिनीचा पट्टा, चहाचा मोकळा तुकडा, जे काही जंगलाला मधे फाडतं, त्याच्या दोन्ही काठांवरच्या सगळ्यात उंच झाडांमधलं अंतर मोजा. हिशेब असा: अंतर भागिले दीड म्हणजे खारीला लागणारी उतरण. त्यात चार मीटर मिळवा, कारण ती खोडावर किमान एवढ्या उंचीवर टेकली पाहिजे. त्याखाली कुत्री, गाड्या आणि बिबट्या आहेत. आणखी दोन मीटर मिळवा, कारण झेप अगदी शेंड्यावरून नव्हे, त्याच्या थोडं खालून घेतली जाते.

अंतर पंधरा मीटर असेल तर उतरण दहा, अधिक चार, अधिक दोन: सोळा मीटरचं झाड हवं. पंचवीस मीटर अंतराला तेवीस मीटरचं. चाळीस मीटरला तेहतीस मीटरचं, आणि एवढी झाडं फक्त चांगल्या जुन्या जंगलात उरली आहेत. चहामळ्यातला सिल्व्हर ओक ऑस्ट्रेलियातून आलेला, वरचेवर छाटलेला, मळ्यात बहुधा बारा-पंधरा मीटरच्या आत ठेवलेला. वरच्या हिशेबात तो पंधरा मीटरचा रस्तासुद्धा ओलांडून देत नाही. नकाशावर हिरवे ठिपके जवळजवळ दिसतात म्हणून जंगल सलग आहे असं वाटतं. खारीसाठी ते तुटलेलं असतं.

घाटरस्त्यावर अजून एक मेख आहे. रस्त्याची एक बाजू वर, एक खाली. समजा वरच्या झाडाचा बुंधा खालच्यापेक्षा पाच मीटर उंचावर आहे आणि दोन झाडांत पंधरा मीटर अंतर आहे. वरून खाली यायला अकरा मीटरचं झाडही चालेल. पण परत वर जायला खालच्या बाजूला एकवीस मीटरचं झाड लागेल. म्हणजे खार खाली येऊ शकते, परतू शकत नाही. म्हणून प्रत्येक जागी दोन आकडे लिहा, जाण्याचा आणि येण्याचा. बहुतेक माणसं पहिलाच लिहितात, आणि मग रस्त्याच्या खालच्या अंगाची उंच झाडं ‘दरी दिसत नाही’ म्हणून हॉटेलवाल्यांसाठी तोडली जातात. वरच्या अंगाची झाडं ठेवून खालची तोडणं, खारीच्या दृष्टीने, दोन्ही तोडण्याच्या जवळपासचं आहे.

मळ्याचा साधा हाती काढलेला नकाशा घ्या आणि त्यावर दोन्ही दिशांनी ओलांडता येणाऱ्या जागा हिरव्या, एकाच दिशेच्या पिवळ्या, न ओलांडता येणाऱ्या लाल करा. असा नकाशा एखाद्या मळ्याच्या व्यवस्थापकापुढे ठेवला की बोलणं पटकन मुद्द्यावर येतं. ‘खारी वाचवा’ म्हणून गेलं तर चहा मिळतो आणि विषय संपतो.

पायरी ६: संध्याकाळची बैठक

फिरत शोधण्यापेक्षा बसून वाट बघणं जास्त फळतं. दिवसा हेरलेल्या ढोलीपासून वीस-पंचवीस मीटरवर, भोक आकाशाच्या पार्श्वभूमीवर येईल अशा जागी सूर्यास्ताआधी अर्धा तास बसा. दोघांपेक्षा जास्त माणसं नकोत. जळूमोजे, गडद कपडे, अत्तर-डिओ काही नाही, मोबाइल बंद. सूर्यास्तानंतर साधारण अर्ध्या तासाने हालचाल सुरू होते. आधी भोकात डोकं दिसतं, ते बराच वेळ तसंच राहू शकतं. या वेळी टॉर्च लावलीत तर ती आत जाईल आणि तुमची संध्याकाळ संपेल, तिचं खाणंही लांबेल. बाहेर येऊन खोडावर चढू लागली की मगच लाल कागद लावलेला मंद टॉर्च, तोही थेट डोळ्यांवर न धरता बाजूला. लाल उजेड त्यांना कमी खुपतो. पांढरा झोत ओळख पटवण्यापुरता, दोन-तीन सेकंद.

चालतच शोधायचं असेल तर तासाला एक किलोमीटर या गतीने, दर पन्नास पावलांवर थांबून, झोत फांद्यांच्या मधल्या थरातून हळू फिरवत. पहिले दोन-तीन तास पुरे. पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री टाळलेल्या बऱ्या. फ्लॅशचे फोटो एकामागून एक काढू नका. खरं सांगायचं तर, फोटो काढण्याच्या नादात बहुतेकांची झेप बघायची राहून जाते. ती काही सेकंदांचीच असते.

पायरी ७: नोंद करा, रिकाम्या रात्रीचीही

तारीख, बसल्याची आणि उठल्याची वेळ, जागा, समुद्रसपाटीपासून उंची, हवा, चंद्र, झाड, खार जमिनीपासून किती उंचावर होती, काय खात होती, झेप कुठून कुठे आणि अंदाजे किती अंतराची. काही दिसलं नाही तर तेही तेवढ्याच नेमकेपणाने. न दिसलेल्या रात्री वहीत नसतील, तर पाच वर्षांनी ‘कमी झाली की आपणच कमी बसलो’ हे कुणालाच सांगता येणार नाही.

नोंद आयनॅचरलिस्टवर किंवा ‘मॅमल्स ऑफ इंडिया’ या संकेतस्थळावर देता येते. ढोलीची अचूक जागा जाहीर करू नका. आयनॅचरलिस्टवर स्थान धूसर करण्याची सोय आहे, ती वापरा. उडत्या खारींची शिकार मांसासाठी होते, आणि तिच्या मांसात औषधी गुण असल्याच्या समजुतीपोटीही होते. ढोलीचा पत्ता म्हणजे शिकाऱ्याला दिलेला पत्ता. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेल्या फोटोचं हेच होतं.

फोटो नसेल आणि छोटी की मोठी याबद्दल शंका असेल तर सरळ ‘उडती खार, जात अनिश्चित’ लिहा. शतकभर न दिसलेल्या जनावराच्या बाबतीत एक खोटी नोंद दहा खऱ्या नोंदींवर संशय आणते.

पायरी ८: मळ्यात आणि बागेत काय करायचं

आधी न करण्याच्या गोष्टी, कारण त्या फुकटात होतात. ढोली असलेलं झाड तोडू नका, वाळलेलं असलं तरी. रस्त्यावर किंवा घरावर पडण्याचा धोका असेल तर बुंध्यापासून न कापता वरचा भार उतरवा आणि ढोलीचा भाग उभा ठेवा. ढोल्या सिमेंटने बुजवू नका. दिवसा मोजलेल्या ढोल्यांच्या झाडांवर रंगाचा पट्टा मारा आणि छाटणीच्या मुकादमाला ती यादी द्या, मालकाला नव्हे; कोयता मुकादमाच्या माणसांच्या हातात असतो.

कॉफीत आणि वेलदोड्यात सावलीची झाडं छाटावी लागतात, त्याला इलाज नाही. पण सगळा मळा एकाच वर्षी छाटू नका. तीन भाग करा, दरवर्षी एक. म्हणजे कुठल्याही वर्षी दोन भागांत फांद्या एकमेकींना भिडलेल्या राहतात. जुन्या देशी सावलीच्या जागी सगळीकडे सिल्व्हर ओक आणि त्यावर मिरी, हा हिशेब पैशाचा म्हणून समजतो; पण निदान नकाशातल्या लाल जागांच्या दोन्ही काठांना आणि ओढ्याच्या कडेला देशी झाडंच ठेवा. लवकर उंच होणारी तून, पाटफणस यांच्यासारखी झाडं काठावर, त्यांच्या मागे उंबराच्या कुळातली, आणि सावलीत हळू वाढणारी मूळ जंगलातली: कुलेनिया, राळधूप, नागचाफा. रोपं स्थानिक बियांचीच असावीत. रस्त्यावर पडून वाया जाणाऱ्या बिया वेचा, आतल्या जंगलातून आणू नका. घाणेरी आधी काढा, जूनच्या पहिल्या चांगल्या पावसात लावा, आणि पुढची दोन-तीन वर्षं वेलींतून व गवतातून रोपं मोकळी करत राहा. वालपराईत नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचे दिव्या मुदप्पा, टी. आर. शंकर रमण आणि त्यांचे सहकारी गेली दोन दशकं मळ्यांच्या कंपन्यांना बरोबर घेऊन जंगलाच्या तुकड्यांची अशीच लागवड आणि निगा करत आले आहेत. लावण्यापेक्षा निगेतच माणसं थकतात.

झाडं वाढेपर्यंत काय? ब्रिस्बेनच्या कॉम्प्टन रोडवर तरंगणाऱ्या प्राण्यांसाठी उंच खांब उभे केले आहेत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या चेरोहाला स्कायवेवर उडत्या खारींसाठी असे खांब २००८ मध्ये लावले गेले. कल्पना सोपी आहे, मधे एक उंच टेकू द्यायचा. आपल्याकडे मात्र मी खांब शेवटी ठेवेन. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, कडेची जमीन बहुधा वनखात्याची, तारा वीजमंडळाच्या; परवानग्या येईपर्यंत तूनीचं रोप तेवढं वाढलेलं असतं. वालपराईजवळ पुदुतोट्टममध्ये रस्त्यावर टांगलेले झुलते पूल सिंहपुच्छ माकडांसाठी आहेत, तेच सगळ्यांना पुरतील असं धरून चालू नका.

लाकडी घरट्याची पेटी हाही दुसऱ्या क्रमांकाचाच उपाय. ढोल्या खरोखर कमी असतील तिथे स्वतःच्या जमिनीवर लावून बघा: जाड फळी, आतून न रंधलेली, भोक जनावराच्या डोक्यापेक्षा किंचितच मोठं, तळाला पाणी निचरायला छिद्रं, आठ-दहा मीटरवर. मधमाश्या आणि उंदीर आधी येतील. वर्षातून एकदा साफ करणारा माणूस नसेल तर लावूच नका.

दोन बारीकसारीक गोष्टी. कुंपणाची सगळ्यात वरची तार काटेरी ऐवजी साधी लावा. ऑस्ट्रेलियात तरंगणारे प्राणी काटेरी तारेत पडदा अडकून मरतात, ही तिथली नेहमीची नोंद आहे. आणि झाडांमधून जाणाऱ्या उघड्या वीजतारांऐवजी आवरण असलेली केबल टाकण्याचा अर्ज वीज कंपनीकडे करा. पावसाळ्यात फांद्या पडून वीज जाते हे कारण त्यात आधी लिहा.

पायरी ९: पिल्लू किंवा जखमी खार सापडली तर

झाड पडलं, ढोली फुटली आणि पिल्लं दिसली, तर आई बहुतेकदा जवळपास असते. हात लावण्याआधी जाड सुती कापड घ्या. पिल्लाला पुठ्ठ्याच्या खोक्यात, कापडात गुंडाळून, अंधारात आणि उबेत ठेवा. टर्किश टॉवेल नको, त्याच्या दोऱ्यांत नखं अडकतात. गाईचं दूध, बिस्किट, पाणी काही पाजू नका. ढोलीचा ओंडका शाबूत असेल तर तो शेजारच्या झाडाला तितक्याच उंचीवर उभा बांधा, पिल्लू आत ठेवा, अंधार पडायच्या आत लांब व्हा आणि दुरून लक्ष ठेवा. सकाळीही पिल्लू तिथेच असेल तर वनखात्याकडे. मांजराने धरलेली खार वरून धडधाकट दिसली तरी पशुवैद्याकडे गेलीच पाहिजे. चावली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

महाराष्ट्रात वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे. उडती खार पाळणं, विकणं, पकडून ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. ‘पिल्लू होतं म्हणून सांभाळलं’ ही सबब चालत नाही.

आपल्याकडे

छोटी उडती खार महाराष्ट्रात शोधायला जाऊ नका. आपल्या सह्याद्रीतली ती मोठी उडती खार. पण ढोली आणि अंतराचा हिशेब तिलाही लागू आहे, आणि वरच्या पायऱ्या चार ते नऊ जशाच्या तशा वापरता येतात. किंबहुना सरावाला हीच बरी, संध्याकाळी आवाज देते.

दोडामार्गाच्या बाजूला डोंगर उघडे करून रबर लावलं गेलं आहे. एका वयाच्या, एका उंचीच्या, सरळ रांगांत लावलेल्या झाडांत ढोली नसते. तिथे उरलेल्या देवराया, कोकणातल्या भाषेत देवरहाट्या, आणि जुने बेहडे यांचं महत्त्व वाढतं. बेहड्याच्या ढोल्यांत धनेशही घरटं करतो, त्यामुळे एका झाडामागे दोघांची सोय होते. देवराईत मंदिराचा जीर्णोद्धार निघाला की सभामंडपाला जागा करायला पहिली कुऱ्हाड अशाच म्हाताऱ्या झाडावर पडते. गावात असाल तर बांधकामाची बैठक होण्याआधी ढोल्यांची यादी तयार ठेवा, झाडांवर क्रमांक टाका आणि देवस्थानच्या मानकऱ्यांबरोबर एक फेरी मारून ती झाडं त्यांना दाखवा. मोजणीला पानगळीचा हंगाम बरा, झाडं निष्पर्ण झाली की ढोल्या खालूनही दिसतात. रस्त्याकडेची उंच झाडं रुंदीकरणात जाणार असतील तर पायरी पाचमधला लाल-पिवळा-हिरवा नकाशा हरकतींच्या मुदतीत, झाडांच्या फोटोंसह, लेखी द्या आणि पोच घ्या.